ऑलरेडांचा उपास आणि आमचा साबुदाणा

माझ्या आईने आजवर कुणालाही नुसत्या पाण्यावर घराबाहेर जाऊ दिलेलं नाही. एसी दुरुस्त करायला आलेला माणूस आमच्याकडे पोहे खाऊन जातो आणि एसी तसाच राहतो. त्यामुळे मिसेस ऑलरेड तीनदा आमच्या घरी येऊन तिन्ही वेळा फक्त पाणी पिऊन गेल्या, हा आईच्या दृष्टीने कुवेतवरच्या हल्ल्यानंतरचा त्या वर्षातला सर्वांत मोठा अन्याय होता.

त्यांचा दोष नव्हता. ऑलरेड मंडळी अमेरिकेतली, युटाची, पंथाने मॉर्मन. त्यांच्यात चहा नाही, कॉफी नाही, दारूचा तर प्रश्नच नाही (तो सौदीत कुणाचाच नव्हता). पहिल्यांदा आईने चहा पुढे केला. दुसऱ्यांदा कॉफी. तिसऱ्यांदा कोकम सरबत केलं, पण त्या दिवशी बाईंचं पोट बिघडलेलं. आई ग्लास घेऊन स्वयंपाकघरात परत आली आणि म्हणाली, "आपल्या हातचं नकोच असेल त्यांना."

हे आईला लागायचं कारण असं की आम्ही त्यांचं पुष्कळ खाल्लं होतं. नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि धाहरानच्या दुकानांतली फडताळं रिकामी झाली, तेव्हा मिसेस ऑलरेड दुधाच्या भुकटीचे डबे, गव्हाचं एक पिंप आणि खिडक्यांना लावायची चिकटपट्टी घेऊन दारात उभ्या राहिल्या. मॉर्मन लोकांना वर्षभराचं धान्य घरात साठवून ठेवा असं त्यांचा पंथच सांगतो. बाकीचा कॅम्प, म्हणजे आमची तेल कंपनीची वसाहत, युद्धाला घाबरत होता, ऑलरेडांकडे फक्त जुने डबे पुढे आणि नवे मागे करायचं काम चाललं होतं.

त्यांचा मुलगा डॅलिन माझ्या वर्गात, कंपनीच्या शाळेत नववीला. या मुलाबद्दल मला काही वाईट सांगता येत नाही, आणि हीच त्याच्याबद्दलची वाईट गोष्ट. डॅलिन उजाडायच्या आत उठायचा. शाळेआधी कुणाच्या तरी दिवाणखान्यात त्यांच्या पोरांचा धर्मग्रंथाचा वर्ग भरायचा, तिथे ओल्या केसांनी जाऊन बसायचा, तिथून शाळेत. सोमवारची संध्याकाळ घरच्यांबरोबर घालवायचा, स्वखुशीने. रोज डायरी लिहायचा. शिवी द्यायची वेळ आली की "ओ, फ्लिप" म्हणायचा. शाळेच्या कॅन्टीनमध्ये बर्गर समोर आला की डोळे मिटून आभार मानायचा, आणि तेवढ्यात मी त्याच्या फ्राइज खायचो.

अशा मुलाशी मैत्री करणं म्हणजे स्वतःच्या घरात स्वतःविरुद्धचा साक्षीदार आणून बसवणं.

"तो डॅलिन बघ," बाबा म्हणायचे. "पहाटे उठतो."

"त्यांच्यात देव लवकर उठतो, बाबा."

"आणि आपल्यात?"

"आपल्यात भूपाळी म्हणून उठवावं लागतं."

बाबा नुसते माझ्याकडे बघत, आणि मग माझ्या बहिणीकडे, विभाकडे, म्हणजे उरलेली आशा कुठे आहे ते तपासत.

तर जानेवारीत युद्ध सुरू झालं. क्षेपणास्त्राचा भोंगा वाजला की विषारी वायूपासून वाचवणारे मास्क लावायचे आणि चिकटपट्टीने बंद केलेल्या खोलीत जाऊन बसायचं, अशी सवय लागली. डॅलिनचा मोठा भाऊ सैन्यात होता आणि त्याची तुकडी आमच्याच वर, उत्तरेला सीमेजवळ वाळूत कुठेतरी होती. जमिनीवरची लढाई आज सुरू होते की उद्या, एवढंच सगळे बोलायचे. डॅलिन पूर्वीसारखाच वागायचा, फक्त विनोदाला हसायचा थांबला होता. मी त्याला माझे चांगले विनोद सांगितले, मग वाईटही सांगितले. तो म्हणायचा, "छान होता."

एकदा बास्केटबॉलच्या कट्ट्यावर तो म्हणाला, "आम्ही महिन्यातून एकदा उपास करतो. पुढच्या महिन्याचा मी भावासाठी करणार आहे. सगळेच करणारेत. तू करशील? म्हणजे, तुला चालत असेल तर."

एवढी साधी गोष्ट कुणी मला कधी मागितली नव्हती. मी "हो" म्हणून गप्प बसायला हवं होतं. पण वर्षभर त्याच्यासमोर मी एकाही बाबतीत पुढे नव्हतो, आणि इथे परमेश्वराने माझ्याच अंगणात चेंडू टाकला होता.

"उपास?" मी म्हणालो. "अरे, आमच्याकडे ते लहानपणापासून असतं. माझी आजी आठवड्यातून दोनदा करते. मी तर चतुर्थी, एकादशी, काहीही."

"आठवड्यातून दोनदा?" डॅलिनचे डोळे मोठे झाले. "कठीण जात नाही?"

मी खरं तेच सांगितलं. "दुसऱ्या दिवशी पोट जरा जड वाटतं."

त्याने मान हलवली आणि मला वाटतं ते त्याच्या डायरीत गेलं.

घरी येऊन मी हे सांगितल्यावर आईचा चेहरा असा उजळला की भोंगा वाजला असता तरी तिला ऐकू आला नसता. "त्यांच्यात उपास असतो? मग एवढे दिवस सांगितलं नाहीस ते? चहा नको, कॉफी नको, ठीक आहे. पण उपासाचं तर घेतीलच."

"घेतील की," मी म्हणालो.

"किती माणसं आहेत त्यांची?"

त्यांच्यातले पुष्कळ जण मायदेशी परतले होते. उरलेले वीसेक असतील. आईने वीस हा आकडा ऐकला, पदर खोचला आणि म्हणाली, "साबुदाणा नाही घरात."

साबुदाणा शेजारच्या खोबर शहरातही नव्हता. जो मलबारी दुकानदार ठेवायचा तो दुकानाला कुलूप लावून जेद्दाला गेला होता. म्हणून आईने हुसेनमियाँना गाठलं. हुसेनमियाँ दापोलीकडचे, कंपनीच्या वाहतूक खात्यात. ते आणि त्यांच्या पत्नी अमिरुन्निसाखाला म्हणजे आमचं तिथलं माहेर, सासर आणि नगरपालिका.

"वैनी, ह्या दिवसांत लोक पाण्याच्या बाटल्या शोधतात," हुसेनचाचा म्हणाले. "तुम्ही साबुदाणा?"

"उपास आहे, भाईसाहेब."

"कोणाचा?"

"अमेरिकन लोकांचा."

चाचांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी पेपर वर केला.

खालांना मात्र शंका आली. "पण वीणा, त्यांच्यात काय चालता नि काय नाय, ता विचारलंस गो पोराक?"

"विचारायचं काय त्यात? उपास तो उपास."

"तसा नाय हां. आमच्यात रोज्याला थुंकी गिळली तर चालता का, यावर माझा सासरा दोन दोन तास बोलायचा. नि तुमच्यात तळलेला चालता."

"तळलेलं चालतं," आई गंभीरपणे म्हणाली. "कांदा चालत नाही."

"वडे चालतात नि कांदा नाय."

"कांद्याने उपास मोडतो, अमिरुन्निसा."

खालांनी माझ्याकडे पाहिलं. "तू विचार रे त्या पोराक एकदा."

विचारता आलं असतं. पण ज्याला आपण उपासाचे जुने जाणकार म्हणून सांगून बसलोय, त्यालाच जाऊन "उपासाला काय खायचं असतं?" हे कसं विचारणार? माणसाला काही इभ्रत असते. माझ्याकडे तर तेव्हा तेवढीच होती.

हुसेनचाचांचा भाचा नसरुद्दीन यान्बूला, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, तिथल्या कारखान्यांच्या खानावळींना माल पुरवायचा. चाचांनी त्याला फोनवर सांगितलं की वीस उपासकऱ्यांना पुरेल एवढा साबुदाणा पाठव. आता नसरुद्दीन रमजानात इफ्तारचा माल पुरवणारा माणूस. उपास धरलेली वीस माणसं संध्याकाळी किती खातात याचा त्याचा एक अनुभव होता. त्याने एक आख्खं पोतं ट्रकवर चढवलं. त्या आठवड्यात खोबर-दमामची माणसं गाड्या भरभरून पश्चिमेकडे पळत होती, आणि आमचा साबुदाणा एकटा पूर्वेकडे येत होता.

कॅम्पच्या फाटकावर पहारेकऱ्याने चाचांची पिकअप अडवली. मी शेजारी बसलो होतो. त्याने पोत्यात हात घालून मूठभर साबुदाणा काढला, हाताच्या अंतरावर धरला आणि दुसऱ्या हाताने हळूच स्वतःचा मास्क चाचपला. दिवसच तसे होते. पांढऱ्या, गुळगुळीत, अनोळखी गोळ्यांवर कोण विश्वास ठेवणार?

"खायचं आहे," चाचा त्याला अरबीत म्हणाले.

"कोण खातं?"

"उपास करणारे."

"उपास सोडताना?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. "नाही," चाचा खालच्या आवाजात म्हणाले, "उपास चालू असताना."

पहारेकऱ्याने त्याच्या जोडीदाराला बोलावलं. चाचांना तेच पुन्हा सांगावं लागलं. दोघांनी आपापसात काही चर्चा केली आणि पहिल्याने विचारलं, "मग उपास नसताना हे लोक काय करतात?"

"यल्ला, चला," चाचा म्हणाले आणि गाडी आत घातली. सातासमुद्रापार मी त्यांच्या शेजारधर्माची अशी परीक्षा घेतली होती.

सौदीत सुटी शुक्रवारी, म्हणून ऑलरेडांचा रविवारही शुक्रवारीच असायचा. त्या शुक्रवारी सकाळी आईने मला उपासाला बसवलं. खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, दोन केळी, आणि मधे लागलं तर असावेत म्हणून खजूर. बाबाही उपासाला बसले. घरात एरवी इतके पदार्थ नसतात. मी सगळं मनापासून खाल्लं. प्रत्येक घासाला डॅलिनच्या भावाची आठवण ठेवायची असं ठरवलं होतं, आणि आमटीपर्यंत ते जमलंही.

दुपार कलल्यावर मी ऑलरेडांकडे गेलो. सौदीत मशिदीखेरीज दुसऱ्या प्रार्थनास्थळाला कायद्याने परवानगी नसते, त्यामुळे ही मंडळी कुणाच्या तरी दिवाणखान्यात पडदे ओढून, गाणीसुद्धा गुणगुणल्यासारखी म्हणत जमायची. कॅम्पात हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणालाच माहीत नसतं. सगळ्यांच्या मांडीशी मास्कची पिशवी. पोरं पांढऱ्या शर्टात आणि टायमध्ये. चेहरे जरा ओढलेले, ओठ सुकलेले. मला वाटलं, युद्धाचा ताण.

मग प्रार्थना झाली आणि डॅलिन पावाच्या तुकड्यांचं ताट घेऊन रांगेतून फिरू लागला. हा त्यांचा विधी, उपासाच्या दिवशीही चालणारा. प्रत्येकाने एक तुकडा घ्यायचा. ताट माझ्यासमोर आलं. पाहुण्याने नाही घेतला तरी चालतो, हे त्याने मला आधीच सांगितलं होतं. पण मी नाही घेतला तो त्या कारणाने नाही. मी नाही घेतला, कारण पाव गव्हाचा असतो आणि गहू उपासाला चालत नाही.

"आज उपास आहे ना," मी कुजबुजलो.

डॅलिनने माझ्याकडे जे पाहिलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तसं पुन्हा कुणी माझ्याकडे पाहीलसं वाटतही नाही. मग तो ताट घेऊन पुढे गेला.

नंतर ज्याला वाटेल त्याने उठून मनातलं बोलायचं असतं. दोघेतिघे बोलले. मग डॅलिन उठला. आधी तो भावाबद्दल बोलला. त्याची आई मांडीवरच्या हातांकडे बघत होती. मग तो म्हणाला, "माझा मित्र सुमीत इथे बसलाय. तो आमच्या पंथाचा नाही. तरी आमच्याबरोबर तोही काल संध्याकाळपासून अन्नाचा कण आणि पाण्याचा थेंब न घेता राहिलाय. आज त्याने पावाचा तुकडासुद्धा नाकारला. मला वाटायचं की मी खंबीर आहे."

वीस चेहरे माझ्याकडे वळले. काहींचे डोळे ओले होते. पाण्याचा थेंब न घेता. मी त्या वाक्यापाशी अडकलो होतो आणि ते वाक्य ओलांडून कुठेच जाता येत नव्हतं. नेमका त्याच वेळी मला दाण्याच्या आमटीचा ढेकर आला. तो मी गिळला. त्या दिवशी मी दाखवलेला संयम एवढाच.

उठून खरं सांगावं म्हणून मी खुर्चीचा हात धरला, तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

खोली गोठली. पडदे ओढलेल्या घरात बिनबोलावता वाजलेली घंटा म्हणजे काय, हे तिथे कुणाला समजवावं लागत नाही. पुस्तकं उशांखाली गेली. कुणीतरी टाय सैल केला. सगळे वाढदिवसाला आल्यासारखे बसले आणि मिसेस ऑलरेडनी दार उघडलं.

दारात माझी आई होती. जरीकाठाची साडी, वरून स्वेटर. तिच्यामागे हुसेनचाचा, आणि चाचांच्या दोन्ही हातांत, फडक्यात धरलेलं, आमच्या घरातलं सगळ्यांत मोठं पातेलं. झाकण जरा बाजूला सरकलं होतं. तूप, जिरं, भाजलेले दाणे आणि हिरवी मिरची यांचा वास पुढे होऊन प्रत्येकाला जातीने भेटला. काल संध्याकाळपासून उपाशी असलेल्या वीस माणसांनी एकदम श्वास घेतला, आणि मग, मला वाटतं, तो सोडायला त्यांना धैर्य लागलं.

"उपासाचं आहे," आई हसून म्हणाली. "आता नाही म्हणायचं नाही."

मिसेस ऑलरेडनी तोंड उघडलं. त्या काय म्हणणार होत्या ते कळलं नाही, कारण भोंगा वाजला.

सगळे आतल्या बंद केलेल्या खोलीत धावले. आईने पातेलं बाहेर ठेवायला साफ नकार दिला. विषारी वायू खिचडीत शिरला तर? त्यामुळे पातेलंही आत आलं आणि दाराच्या फटीला पट्टी लावली गेली. आईचा मास्क घरी राहिला होता, चाचांचा पिकअपमध्ये. मिसेस ऑलरेडनी कपाटातून दोन जादा मास्क काढले. अर्थातच त्यांच्याकडे जादा होते.

अशा रीतीने आम्ही सगळे, काळ्या रबरी तोंडांचे आणि गोल काचेच्या डोळ्यांचे, एका गरम पातेल्याभोवती भिंतींना टेकून बसलो. मास्कमध्ये वास येत नाही, हा त्या दिवशी त्या माणसांवर झालेला एकमेव उपकार. मी मनात वाक्यं जुळवत होतो. बाहेर गेल्यावर डॅलिनला एका बाजूला घ्यायचं. हळूच सांगायचं.

मिसेस ऑलरेडनी आईचा हात हातात घेतला. "तुमचा मुलगा फार गुणी आहे," त्या मास्कमधून म्हणाल्या. "एवढ्या वेळचा उपाशी. त्याला अशक्तपणा आला असेल."

इंग्रजी बोलताना आईचा आवाज आधीच चढतो. मास्कमधून ऐकू जाणार नाही म्हणून तिने तो आणखी चढवला.

"अशक्तपणा कसला? मी त्याला उपाशी ठेवीन का?" ती म्हणाली. "सकाळी दोनदा खिचडी घेतली. वऱ्याचे तांदूळ घेतले. आमटी घेतली, बटाटा घेतला, केळी खाल्ली. आणि निघताना खजूर खिशात घातलेत त्याने. सुमीत, दाखव ना."

खोलीतल्या काचेच्या डोळ्यांच्या सगळ्या जोड्या सावकाश माझ्याकडे वळल्या. मास्कला चेहरा नसतो असं म्हणतात. मी त्या दिवशी वीस मास्कवरचे भाव वाचले. डॅलिनचा फक्त वाचता आला नाही. त्याने गुडघ्यांत डोकं घातलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते. तो रडतोय की हसतोय ते कळायला मार्ग नव्हता, आणि दोन्हींचं कारण मीच होतो.

क्षेपणास्त्र आमच्यावर पडलं नाही. ते कुठेतरी दूर वाळूत पडलं असं नंतर कळलं. मला ते तेव्हा अन्यायाचं वाटलं.

धोका टळल्याचा भोंगा झाल्यावर डॅलिन कुणाकडे न बघता खोलीबाहेर गेला. मिसेस ऑलरेडनी आईला बाजूला बसवून हळू आवाजात सगळं सांगितलं. आईचं हसू थोडं थोडं करून उतरलं.

"पाणीसुद्धा नाही?" तिने विचारलं.

"पाणीसुद्धा नाही."

आईने उठून पातेल्यावरचं झाकण नीट बसवलं, त्यावर फडकं घातलं आणि पदराने वरची वाफ पुसली. मग मला मराठीत म्हणाली, "तू मला काय सांगितलं होतंस?" हुसेनचाचा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे अतिशय लक्ष देऊन बघू लागले.

"चला, भाईसाहेब," आई म्हणाली. "उगाच यांच्यापुढे अन्न आणलं."

पण मिसेस ऑलरेडनी तिला हलू दिलं नाही. दिवस मावळतच आला होता. शेवटची प्रार्थना झाली, उपास संपला आणि त्यांनी स्वतः बशा मांडल्या. तोवर खिचडी गार होऊन तिचा एकसंध गोळा झाला होता. तो सुरीने केकसारखा कापावा लागला. वीस मॉर्मन माणसांनी तो काट्यांनी खाल्ला, मग पुन्हा मागितला. एक दांडगे इंजिनिअर तिसऱ्यांदा आले आणि त्यांनी आईला विचारलं की हे घरात किती वर्षं टिकतं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभर जो चहा त्या घराने नाकारला होता, तो आज पोत्याने वसूल झाला.

मी अंगणाच्या पायरीवर जाऊन बसलो. थोड्या वेळाने डॅलिन दोन बशा घेऊन आला आणि एक माझ्यापुढे ठेवली. मी ती मागे सारली.

"मी आता सुरू करतोय," मी म्हणालो.

"तुला करायची गरज नाही."

"माहीत आहे."

"उद्या संध्याकाळपर्यंत असतं ते. पाणीसुद्धा नाही."

"मघाशी ऐकलं मी. सगळ्यांसमोर."

दारातून आईचा आवाज आला. "सुमीत, उपास सुटला सगळ्यांचा. आता हे काय नवीन?" मी खिशातले खजूर काढून पायरीवर ठेवले. डॅलिनने ते एकेक करून मोजल्यासारखे पाहिले, आणि त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

मग मी डोळे मिटले. त्यांच्यात उपास सुरू करताना कशासाठी करतोय ते मनात सांगायचं असतं, हे तो मला केव्हातरी म्हणाला होता. मी सुरुवात केली आणि दुसऱ्याच शब्दापाशी अडलो. ज्याच्यासाठी मी सबंध देश ओलांडून साबुदाणा आणवला, ज्याच्या नावाने दोनदा खिचडी घेतली, त्याचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.

"डॅलिन," मी डोळे न उघडता म्हणालो, "तुझ्या भावाचं नाव काय?"

काटा बशीवर ठेवल्याचा आवाज आला.

"रीड," तो म्हणाला. "त्याला शेंगदाणे अजिबात चालत नाहीत. अंगावर गांधी उठतात."

आणि मी डोळे मिटून मनात रीडबद्दल सांगत असताना, त्याने माझी बशीसुद्धा संपवली.